ओव्हरटेकिंग हवे, पण कोणते?

क्रीडा प्रतिनिधी

मोनॅकोच्या रस्त्यांवर २६ मे २०२४ रोजी फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि मोनॅकोचाच सुपुत्र शार्ल लेक्लेर विजयी झाला. घरच्या मैदानावर जिंकलेल्या या तरुणाचे कौतुक झाले, राजघराण्यातील मंडळींनी त्याला मिठ्या मारल्या. शर्यतीबद्दल मात्र बोलण्यासारखे फारसे काही नव्हते. पहिल्याच फेरीत सर्जिओ पेरेझच्या रेड बुल गाडीचा चुराडा झाला, शर्यत थांबवण्यात आली आणि त्या विश्रांतीत सर्वांनी टायर बदलून घेतले. शर्यतीत किमान दोन प्रकारचे टायर वापरलेच पाहिजेत, ही नियमातील अट अशी आयतीच पूर्ण झाली. मग पिटमध्ये येण्याचे कारणच कोणाला उरले नाही. टायर शेवटपर्यंत टिकावेत म्हणून आघाडीचे चालक मुद्दाम सावकाश गाडी हाकत राहिले आणि ७८ फेऱ्या संपल्या तेव्हा पहिल्या दहा क्रमांकांवर तेच दहा चालक, सुरुवातीच्याच क्रमाने होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या विश्वविजेतेपद स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. सहाव्या क्रमांकावर अडकून पडलेल्या मॅक्स वेर्स्टापेनने तर शर्यत चालू असतानाच रेडिओवरून संघाला सांगितले, की येताना उशी आणायला हवी होती.

विश्वविजेत्यालाच चाकामागे झोप येत असेल, तर रविवारी संध्याकाळी साडेसहा वाजता दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्या भारतीय चाहत्याने काय करावे? पुढच्याच वर्षी आयोजकांनी यावर उतारा शोधला. २०२५ च्या मोनॅको शर्यतीत प्रत्येकाने किमान दोनदा पिट स्टॉप घ्यावा, अशी सक्ती करण्यात आली. परिणाम काय झाला? रेसिंग बुल्स आणि विल्यम्स या संघांनी आपल्या एका चालकाला रस्त्यात जणू अडसरासारखे उभे केले. तो मागच्या सर्वांना रखडवत राहिला आणि तेवढ्या वेळात त्याच्या सहकाऱ्याने पुढे जाऊन आपला पिट स्टॉप बिनघोर उरकला. या खोळंब्याला वैतागून जॉर्ज रसेलने सरळ वळण सोडून आडवाटेने गाडी पुढे काढली आणि त्याबद्दल दंडही भोगला. रंगत आणण्यासाठी केलेल्या नियमाने रटाळपणा गेला नाही, त्याने केवळ वेगळा वेश घेतला.

फॉर्म्युला वनच्या चाहत्यांमधील सर्वांत जुना वाद हाच आहे. शर्यत रंगतदार व्हावी यासाठी काय करावे? एक पक्ष म्हणतो, की एकमेकांना मागे टाकण्याची संधी वाढली पाहिजे, मग त्यासाठी यांत्रिक युक्त्या वापराव्या लागल्या तरी चालेल. दुसरा पक्ष म्हणतो, की युक्तीने मिळालेले ओव्हरटेकिंग म्हणजे ओव्हरटेकिंगच नव्हे. गंमत अशी, की पंचवीस वर्षांपूर्वी ओव्हरटेकिंग फार दुर्मीळ झाले, ही तक्रार होती. नंतर ते फार सोपे झाले, ही तक्रार होऊ लागली. तक्रार करणारे अनेकदा तेच असतात. त्यांना लहरी ठरवण्याआधी मुळात ही अडचण येते कोठून, हे पाहिले पाहिजे.

हवेचे गणित

फॉर्म्युला वनची गाडी म्हणजे उलटे बसवलेले विमान, असे म्हटले जाते आणि ते फारसे चुकीचे नाही. विमानाचे पंख हवेच्या साह्याने त्याला वर उचलतात; या गाडीचे पुढचे व मागचे पंख आणि तिचा तळ तिला जमिनीकडे दाबतात. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. त्याच्याच जोरावर ही गाडी साध्या गाडीला अशक्य अशा वेगाने वळण घेते. पण हे सारे काम ज्या हवेच्या भरवशावर चालते ती स्वच्छ, शांत असावी लागते. पुढे धावणारी गाडी ती हवा घुसळून, खळबळवून मागे फेकते. नावेच्या मागे जसे पाणी ढवळलेले असते, तशी ही ढवळलेली हवा. चाहत्यांच्या भाषेत डर्टी एअर.

सरळ पट्ट्यावर ही हवा मागच्या चालकाच्या पथ्यावर पडते. पुढच्या गाडीने हवा फोडलेली असल्याने त्याला अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. वळणावर मात्र तीच हवा वैरीण होते. पंखांना पुरेशी हवा मिळत नाही, डाउनफोर्स घटतो, गाडी घसरू लागते, घसरण्याने टायर तापतात आणि तापलेल्या टायरची पकड आणखी कमी होते. म्हणजे सरळ पट्ट्यावर ओव्हरटेक करायचे तर त्याआधीच्या वळणातून पुढच्या गाडीच्या अगदी पाठीला लागून बाहेर पडायला हवे आणि नेमके तेथेच पाठीला लागणे अशक्य! एखादा चालक दर फेरीला पाऊण सेकंदाने अधिक वेगवान असूनही तासभर दुसऱ्याच्या मागे का अडकतो, याचे उत्तर येथे आहे. कार्बनच्या ब्रेकमुळे गाड्या ताशी तीनशे किलोमीटरवरून शंभर-सव्वाशे मीटरच्या आत वेग आटोक्यात आणतात. त्यामुळे ब्रेक लावण्याच्या क्षणी धाडस करून पुढे घुसण्यास पूर्वी जेवढी जागा मिळे, तेवढीही आता मिळत नाही.

त्यात गाड्या वाढल्या. २००८ मध्ये चालकासह किमान वजन ६०५ किलो होते. २०२५ मध्ये ते ८०० किलोवर पोहोचले. २०१७ पासून रुंदी १.८ मीटरवरून २ मीटर झाली. सुरक्षेसाठी, संकरित इंजिनासाठी, बॅटरीसाठी प्रत्येक वाढीला सबळ कारण होते. पण मोनॅकोतील घरे आणि कठडे काही मागे सरकले नाहीत.

उपाय आणि अपाय

यावर गेल्या तीस वर्षांत जेवढे उपाय झाले, तेवढे क्वचितच एखाद्या खेळात झाले असतील. १९९४ मध्ये शर्यतीदरम्यान इंधन भरण्यास पुन्हा परवानगी मिळाली. त्याच वर्षी जर्मनीत हॉकेनहाइमला वेर्स्टापेनचे वडील योस यांच्या गाडीने पिटमध्ये पेट घेतल्याचे दृश्य अनेकांना आठवत असेल. इंधनभरणीमुळे डावपेचांना जागा मिळाली हे खरे. २००४ मध्ये फ्रान्सच्या शर्यतीत मायकेल शूमाकरने चक्क चार पिट स्टॉप घेऊन विजय मिळवला आणि फेरारीच्या आकडेमोडीपुढे सर्वांनी हात टेकले. पण यात एक गोम होती. पिटमध्येच पुढे जाता येत असेल, तर ट्रॅकवर जोखीम कोण घेईल? प्रतिस्पर्ध्याच्या मागे शांतपणे थांबायचे, तो पिटमध्ये गेला की दोन फेऱ्या जीव तोडून गाडी चालवायची, एवढेच ओव्हरटेकिंग उरले. २०१० पासून इंधनभरणी बंद झाली. तरीही चालकांच्या संघटनेने २०१५ मध्ये जगभरच्या चाहत्यांचे मत मागवले, तेव्हा आलेल्या दोन लाखांहून अधिक उत्तरांत इंधनभरणी परत आणण्याची मागणी ठळकपणे होती. स्मृती गोड असतात.

इतिहासातील सर्वांत शास्त्रशुद्ध प्रयत्न २००९ च्या नियमांत झाला. पॅडी लो, रोरी बर्न आणि पॅट सिमंड्स या तीन नामवंत अभियंत्यांच्या गटाने ढवळलेल्या हवेचा अभ्यास करून गाडीचे रूपच बदलले. पुढचा पंख रुंद, मागचा उंच व अरुंद, अंगावरचे बारीकसारीक पंख हद्दपार. कागदावर सारे उत्तम होते. पण ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स यांनी नियमातील फट शोधून गाडीच्या मागच्या तळाशी दुमजली डिफ्यूझर बसवला, घालवलेला डाउनफोर्स परत मिळवला, महासंघाने तो वैध ठरवला आणि जेन्सन बटन विश्वविजेता झाला. या खेळातील नियम करणाऱ्यांपुढची खरी अडचण हीच आहे. नियम लिहिण्यासाठी तीन माणसे बसतात आणि तो वाकवण्यासाठी प्रत्येक संघात शेकडो अभियंते बसलेले असतात.

यानंतर आली १४ नोव्हेंबर २०१० ची अबू धाबीची शर्यत. फर्नांडो अलोन्सो गुणतक्त्यात आघाडीवर होता. फेरारीने मार्क वेबरवर डोळा ठेवून त्याला पिटमध्ये बोलावले आणि तो बाहेर आला तो नवख्या विताली पेत्रोवच्या रेनॉच्या मागे. पुढच्या सुमारे चाळीस फेऱ्या दोन वेळचा विश्वविजेता अलोन्सो पेत्रोवच्या मागे तडफडत राहिला. कौशल्यात किंवा अनुभवात त्या दोघांची तुलनाही होऊ शकत नव्हती. अलोन्सो सातवा आला आणि सेबॅस्टियन व्हेटेल चार गुणांनी विश्वविजेता झाला. विश्वविजेतेपदाचा निकाल ढवळलेल्या हवेने लावला, अशी भावना तेव्हा पसरली.

डीआरएस नावाची यंत्रणा २०११ मध्ये अवतरली ती या पार्श्वभूमीवर. ठरलेल्या ठिकाणी पुढच्या गाडीपासून एक सेकंदाच्या आत असलेल्या चालकाने बटण दाबायचे. त्याच्या मागच्या पंखाची एक पट्टी उघडते, हवेचा अडथळा घटतो आणि ताशी दहा-बारा किलोमीटरचा जादा वेग मिळतो. पुढच्या चालकाला ही सवलत नाही. त्याच वर्षी आलेल्या पिरेली कंपनीला लवकर झिजणारे टायर बनवण्यास सांगण्यात आले. ओव्हरटेकिंगची संख्या एकदम वाढली. त्या वर्षी कॅनडात चार तासांहून अधिक वेळ चाललेल्या पावसाळी शर्यतीत बटन एका टप्प्यावर शेवटच्या क्रमांकावर होता. तेथून तो पुढे आला आणि अखेरच्या फेरीत व्हेटेलला चूक करायला लावून जिंकला. २०१२ च्या पहिल्या सात शर्यतींना सात निरनिराळे विजेते लाभले. चाहते खूश व्हायला हवे होते. पण लांब सरळ पट्ट्यावर एक गाडी दुसरीला महामार्गावरच्या बसप्रमाणे सहज बाजूने ओलांडून जाते, पुढचा चालक काहीही करू शकत नाही आणि आरशात पाहत राहतो, हे दृश्य डोळ्यांना खुपू लागले. टायरचेही तसेच. २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनला भर वेगात एकामागून एक टायर फुटले, तेव्हा रंगतीची किंमत कोण मोजणार, असा प्रश्न चालकांनीच विचारला.

या काळात सुचलेल्या कल्पनांची नुसती यादी केली तरी करमणूक होते. फॉर्म्युला वनचे तेव्हाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लेस्टन यांनी गुणांऐवजी सुवर्ण, रौप्य, कांस्यपदके द्यावीत असे सुचवले. २०११ मध्ये त्यांनी ट्रॅकवर कृत्रिम पाऊस पाडण्याची कल्पना मांडली. २०१४ मध्ये अखेरच्या शर्यतीला दुप्पट गुण देण्यात आले आणि टीकेनंतर लगेच बंद झाले. २०१६ मध्ये पात्रता फेरीत दर दीड मिनिटाला एक चालक बाद करण्याची पद्धत दोन शर्यतींतच गुंडाळावी लागली. ग्रिड उलटे लावावे, म्हणजे गुणतक्त्यातील पहिल्याने शेवटून सुरुवात करावी, ही सूचना चर्चेच्या पुढे गेली नाही. २०२१ पासून आलेली स्प्रिंट ही छोटी शर्यत तेवढी टिकली. तिकिटे आणि प्रक्षेपणाच्या दृष्टीने ती सोयीची आहे, हे त्याचे एक कारण असावे.

ट्रॅकच रुंद करावेत, या मागणीचे उत्तर आपल्या देशातच मिळाले. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर काही वळणांची तोंडे मुद्दाम रुंद ठेवण्यात आली होती, जेणेकरून चालकांना निरनिराळ्या रेषा धरता याव्यात. एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टाही होता. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत तेथे तीन शर्यती झाल्या. तिन्ही व्हेटेलने जिंकल्या आणि पहिल्या दोन्हींत तो पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत आघाडीवर होता. मागच्या गाड्यांत झटापटी झाल्या. पण पुढचा इतका पुढे होता, की रुंदी त्याच्या कामीही आली नाही आणि आडही आली नाही.

एका फेरीसाठी

रंगतीचा हा हट्ट कोठपर्यंत जाऊ शकतो, हे १२ डिसेंबर २०२१ रोजी साऱ्या जगाने पाहिले. अबू धाबीच्या अखेरच्या शर्यतीला येताना लुईस हॅमिल्टन आणि वेर्स्टापेन यांचे गुण समसमान होते, ३६९.५. त्यातला तो अर्धा गुणही बेल्जियमच्या वादग्रस्त शर्यतीचा. तेथे पावसात सेफ्टी कारच्या मागे जेमतेम काही फेऱ्या मारून शर्यत झाल्याचे जाहीर करण्यात आले होते आणि अर्धे गुण वाटले गेले होते. अबू धाबीत हॅमिल्टन निर्विवाद आघाडीवर होता. ५८ पैकी ५३व्या फेरीत निकोलस लतीफीची गाडी कठड्यावर आदळली, सेफ्टी कार आली आणि वेर्स्टापेनने पिटमध्ये जाऊन नवे टायर चढवले. दोघांच्या मध्ये एका फेरीने पिछाडीवर असलेल्या पाच गाड्या होत्या.

नियमानुसार पिछाडीच्या सर्व गाड्यांना पुढे जाऊ द्यायचे आणि मग आणखी एक फेरी सेफ्टी कारच्या मागे काढायची, असा प्रघात होता. तसे केले असते तर शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपली असती. शर्यत संचालक मायकेल मासी यांनी फक्त त्या पाच गाड्यांना पुढे सोडले आणि एका फेरीसाठी शर्यत पुन्हा सुरू केली. जुन्या टायरवरच्या हॅमिल्टनला नव्या टायरवरच्या वेर्स्टापेनने पाचव्या वळणावर गाठले आणि तो विश्वविजेता झाला. पुढे मासी यांना पदावरून दूर करण्यात आले. मार्च २०२२ मध्ये आलेल्या महासंघाच्या अहवालाने चूक मानवी होती, पण निकाल कायम राहील, असे म्हटले.

त्या एका फेरीने फॉर्म्युला वनला जेवढी प्रसिद्धी दिली, तेवढी अनेक वर्षांच्या जाहिरातींनी दिली नसती. शेवटच्या फेरीत विश्वविजेतेपदाचा निकाल, याहून रंगतदार काय असणार? आणि तरीही त्या रात्री वेर्स्टापेनच्या अनेक चाहत्यांनाही काहीतरी चुकचुकल्यासारखे वाटले. दोष त्याचा नव्हता. त्याने आपले काम चोख केले. वर्षभरातल्या २१ शर्यतींत दोघांनी जे कमावले होते, ते चांगला शेवट दाखवण्याच्या घाईत पणाला लागले, ही ती खंत होती. मिरवणूक पाहणे परवडले, पण निकालाबद्दल शंका नको, असे म्हणणारा पक्ष तेव्हापासून अधिक मोठ्याने बोलू लागला. प्रस्तुत प्रतिनिधीचा कलही त्याच पक्षाकडे आहे.

मोजणी की मोल?

२०२२ मध्ये गाडीच्या तळाखालील बोगद्यांतून डाउनफोर्स मिळवण्याची, १९८२ नंतर बंद झालेली, पद्धत परत आणण्यात आली. आयोजकांनी दिलेल्या आकड्यांनुसार जुन्या गाडीत पाठलाग करणारा २० मीटरवर ३५ टक्के आणि १० मीटरवर ४६ टक्के डाउनफोर्स गमावत असे. नव्या गाडीत हे प्रमाण अनुक्रमे ४ आणि १८ टक्क्यांवर येणार होते. पहिल्या वर्षी फरक दिसला. मग अभियंते कामाला लागले, पुढच्या चाकांभोवतीची हवा बाहेर फेकण्याच्या नव्या वाटा निघाल्या आणि २०२५ पर्यंत चालक पुन्हा तीच तक्रार करू लागले.

मात्र या काळातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २०२३ मध्ये रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या, त्यातील १९ एकट्या वेर्स्टापेनने. २०२४ मध्ये प्रत्येकी किमान दोन शर्यती जिंकणारे सात चालक होते, असे पूर्वी कधी घडले नव्हते. दोन्ही वर्षी नियम जवळजवळ तेच, टायर तेच, डीआरएसही तेच. बदलले काय? बाकीच्या संघांना रेड बुलपर्यंत पोहोचण्यास वेळ मिळाला आणि २०२१ पासून लागू झालेल्या खर्चमर्यादेमुळे श्रीमंत संघाला पैशांच्या बळावर पळून जाता आले नाही. नियम स्थिर राहिले की गाड्या एकमेकींच्या जवळ येतात. नियम बदलले की कोणीतरी एकटा पुढे निघून जातो. रंगत वाढवण्यासाठी दर चार वर्षांनी नियम बदलण्याची मागणी करणाऱ्या चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही.

ओव्हरटेकिंगच्या संख्येने शर्यतीचे मोल ठरते का, हाही प्रश्नच आहे. बेल्जियममध्ये स्पा येथे २७ ऑगस्ट २००० रोजी मिका हक्किनेनने शूमाकरला ओलांडले, ती चाल आजही सर्वश्रेष्ठ मानली जाते. आदल्या फेरीत ताशी तीनशेच्या वेगात शूमाकरने त्याच्यासमोर दार बंद केले होते. पुढच्या फेरीत सरळ पट्ट्यावर रिकार्डो झोंटाची एका फेरीने पिछाडीवर असलेली गाडी मध्ये आली. शूमाकर तिच्या डावीकडून गेला, हक्किनेन उजवीकडून आणि वळण येईपर्यंत पुढे होता हक्किनेन. हे तीन गाड्यांचे दृश्य काही क्षणांचे होते. शर्यतीत आघाडीसाठी तशी दुसरी चाल झाली नसती तरी चालले असते.

याच्या पुढचे उदाहरण इमोलाचे. २००५ च्या सान मारिनो शर्यतीत शूमाकर मागच्या रांगांतून येऊन अलोन्सोच्या पाठीला लागला. फेरारी स्पष्टपणे वेगवान होती. शेवटच्या दहा-बारा फेऱ्या अलोन्सोने वळणाच्या तोंडाशी किंचित लवकर ब्रेक लावून, बाहेर पडताना योग्य क्षणी वेग घेऊन शूमाकरला रोखून धरले आणि सुमारे दोन दशांश सेकंदांच्या फरकाने तो जिंकला. एकही ओव्हरटेक झाला नाही. पण ती शर्यत पाहताना कोणीही जागेवरून हलले नाही. डीआरएस असते तर पहिल्याच प्रयत्नात शूमाकर पुढे गेला असता आणि लोक चहा करायला उठले असते. अबू धाबीत पेत्रोवने अलोन्सोला रोखले आणि इमोलात अलोन्सोने शूमाकरला रोखले, यातील भेद हाच, की इमोलात कोणत्याही क्षणी काहीतरी घडू शकत होते. अबू धाबीत ते घडणे शक्यच नव्हते.

चालकाने दार किती बंद करावे, हा मात्र वेगळा वाद. २०२४ मध्ये ऑस्टिनला लँडो नॉरिस बाहेरच्या बाजूने पुढे निघाला असता वेर्स्टापेनने आतून उशिरा ब्रेक लावला, दोघेही ट्रॅकबाहेर गेले आणि बाहेरून पुढे गेल्याबद्दल दंड झाला तो नॉरिसला. वळणाच्या मध्यबिंदूपाशी कोणाचे चाक पुढे होते, यावर हक्क ठरतो. मग वाटेल तसे करून त्या बिंदूला आधी पोहोचायचे, असा अर्थ वेर्स्टापेनने लावला होता. पुढच्याच आठवड्यात मेक्सिकोत त्याला दहा-दहा सेकंदांचे दोन दंड झाले. नियमाचे शब्द जितके नेमके, तितका ते वापरून घेणारा चालक चतुर!

गाडी कोणाची, कौशल्य कोणाचे?

वादाचे आणखी एक टोक असे, की सर्वांना सारखी गाडी द्या, म्हणजे खरा चालक कोण ते कळेल. ही व्यवस्था फॉर्म्युला टूमध्ये आहेच आणि तेथील शर्यती चुरशीच्या होतात, हेही खरे. पण फॉर्म्युला वन ही मुळात गाडी बनवणाऱ्यांचीही स्पर्धा आहे. फेरारीने स्वतः गाडी बनवलीच नाही, तर लाल टोप्या घालून इटलीत मोंझाला जमणारे लोक कशासाठी जमतील?

म्हणूनच चालकांच्या संघबदलाला येथे एवढे महत्त्व. अलोन्सोने २००५ आणि २००६ मध्ये विश्वविजेतेपद मिळवले. त्यानंतर तो २००७ मध्ये एका, २०१० मध्ये चार आणि २०१२ मध्ये तीन गुणांनी हुकला. चुकीच्या वेळी चुकीच्या संघात असणे, ही त्याच्या कारकिर्दीची शोकांतिका. उलट २०१३ साठी हॅमिल्टनने मॅक्लारेन सोडून तेव्हा मध्यम दर्जाचा मानला जाणारा मर्सिडीज संघ पत्करला, तेव्हा त्याला वेड्यात काढण्यात आले होते. तेथे त्याने सहा विश्वविजेतेपदे मिळवली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने फेरारीत जाण्याचे जाहीर केले आणि २०२५ चा पहिला मोसम एकाही मुख्य शर्यतीत पहिल्या तिघांत न येता संपवला. कारकिर्दीत प्रथमच त्याच्यावर ही वेळ आली.

खरी तुलना होते ती एकाच संघातील दोन चालकांची आणि संघाचे हितसंबंध आड येतात तेही तेथेच. ऑस्ट्रियात २००२ मध्ये रुबेन्स बारिकेलोने अंतिम रेषेच्या तोंडाशी शूमाकरला वाट दिली, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि पुढच्या वर्षापासून असे आदेश देण्यावर बंदी आली. ती पाळली जात नसल्याने २०११ पासून उठवण्यातही आली. सप्टेंबर २०२५ मध्ये मोंझाला नॉरिसचा पिट स्टॉप लांबला, त्याचा मॅक्लारेनमधील सहकारी ऑस्कर पियास्त्री पुढे गेला आणि संघाने पियास्त्रीला जागा परत देण्यास सांगितले. त्याने दिली. नॉरिसला दुसऱ्या क्रमांकाचे १८ गुण मिळाले, तिसऱ्याचे १५ मिळाले असते. मोसमाअखेर नॉरिस ४२३ गुणांनी विश्वविजेता झाला. वेर्स्टापेनचे गुण होते ४२१. पुढच्या शर्यतींतील सारे काही तसेच घडले असते असे कोणी म्हणू शकत नाही, परंतु चाहत्यांनी ही वजाबाकी लगेच केली.

२०२६ च्या नियमांनी डीआरएस इतिहासजमा केले. आता पुढचे आणि मागचे दोन्ही पंख सरळ पट्ट्यांवर सर्वांचेच सपाट होतात. त्याने पुढच्याला मागच्यावर किंवा मागच्याला पुढच्यावर वरचढपणा मिळत नाही. पाठलाग करणाऱ्याला मिळते ती जादा विद्युतशक्ती. तीही एका सेकंदाच्या आत असल्यासच, म्हणजे जुनी अट नव्या पोशाखात आहे. इंजिनाची जवळपास निम्मी शक्ती बॅटरीतून येत असल्याने ती केव्हा खर्चायची आणि केव्हा साठवायची, हे चालकाच्या हाती आले, असे नियमाचे समर्थक म्हणतात. बॅटरी वाचवण्यासाठी सरळ पट्ट्यावर वेग सोडावा लागेल, ती कसली शर्यत, असा आक्षेप वेर्स्टापेनने २०२३ मध्येच घेतला होता. गाडीचे किमान वजन ७६८ किलोवर आणि रुंदी १.९ मीटरवर आणण्यात आली आहे. मोनॅकोच्या रस्त्यावर दोन गाड्या शेजारी आल्या, तर त्यांच्यासाठी पूर्वीपेक्षा २० सेंटिमीटर जास्त जागा आहे.